इअरफोनचा हरवलेला खर्ज टिप्स बदलल्यावर परत मिळाला
माझ्या स्वस्त इन-इअर इअरफोनमध्ये खर्जाचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नव्हते आणि झांजांचा आवाज मात्र कानाला टोचत होता, म्हणून प्रथम इक्वलायझरमध्ये (खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करण्याची सोय) बास, म्हणजे खर्ज, वाढवला. त्याने आवाज केवळ गढूळ झाला. खरा दोष टिप्सच्या, म्हणजे इअरफोनच्या कानात बसणाऱ्या मऊ टोप्यांच्या, मापात होता. टिप आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी कमी वारंवारितेच्या ध्वनीचा दाब तिथून निसटतो आणि वरचे स्वर तेवढे ठळक उरतात. उजव्या कानाला मोठी व डाव्याला मधली सिलिकॉनची टिप लावली (दोन्ही कान सारखे असतातच असे नाही), तेव्हा खर्ज भरून आला. फोमच्या टिप्सनी बाहेरचा गोंगाट आणखी अडवला, पण झांजांची चमक किंचित मंदावली. गायनासाठी मला सिलिकॉनच अधिक पसंत आहे. तुलना करताना आवाजाची पातळी मात्र समान ठेवावी, कारण थोडा मोठा आवाज सहसा अधिक चांगला भासतो.