इथेनॉलच्या ज्वलनात साडेतीन ऑक्सिजन? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, अथणी भागातली पोरं उसाच्या ट्रॉल्या बघत वाढतात. कारखान्यात मळीपासून इथेनॉल बनतं, हे त्यांना घरातच कळलेलं असतं. म्हणून दहावीच्या वर्गात ज्वलनाचं समीकरण मी इथेनॉलपासूनच सुरू करते. तरी दरवर्षी वहीत तीच चूक सापडते: ऑक्सिजनपुढे साडेतीन.

इथेनॉलच्या एका रेणूत कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १. आधी कार्बन जुळवा, मग हायड्रोजन. उजवीकडे २ कार्बन डायऑक्साइड आणि ३ पाणी येतात. तिथले ऑक्सिजनचे अणू ४ + ३ = ७. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, म्हणून मुलं लगेच सातला दोनाने भागतात. पण त्यातला एक अणू इथेनॉलने स्वतःच आणलाय! हवेतून घ्यायचे सहाच, म्हणजे ३ रेणू.

इथेनॉल + ३ ऑक्सिजन → २ कार्बन डायऑक्साइड + ३ पाणी

आता वस्तुमान. कार्बनचा अणू १२, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६ धरा. डावीकडे ४६ + (३ × ३२) = १४२ ग्रॅम, उजवीकडे (२ × ४४) + (३ × १८) = १४२ ग्रॅम. साडेतीन धरले असते तर डावीकडे १५८ आले असते. १६ जास्त, म्हणजे नेमका ऑक्सिजनचा एक अणू. म्हणून मी पोरांना सांगते, जुळलं नाही की सगळं खोडू नका, आधी फरक बघा. डावीकडे ४८ कमी पडले? ऑक्सिजनच्या रेणूचे ३२ सोडून १६ धरलेत. उजवीकडे ४४ कमी? कार्बन डायऑक्साइडपुढचा २ राहिला.

समीकरणातला ३ म्हणजे ३ ग्रॅम नव्हे. १ ग्रॅम इथेनॉलला ९६ ÷ ४६, म्हणजे सुमारे २.०९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आणि आकडे जुळेनात म्हणून पाण्याच्या सूत्राला हात लावू नका. एक ऑक्सिजन वाढवलात की ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्युटेनला (कार्बन ४, हायड्रोजन १०) मात्र साडेसहा ऑक्सिजन येतात ते बरोबरच. सगळं दुप्पट करा: २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. इथे मुलांकडून पाण्याचे ५ दुप्पट करायचे राहतात आणि उजवीकडे ९० कमी पडतात. नीट जमलं की घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचं गणित करून बघा. आत निव्वळ ब्युटेन धरलं, तर तो संपेपर्यंत सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो आणि २२ किलो पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरातून निघून जातं.