पहिल्यांदा फोन रूट करताय? मग सुरुवात बॅकअपपासून करा

रूट करायचं, म्हणजे फोनच्या सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवायचं, डोक्यात आलं की सगळे आधी अनलॉक कसं करायचं तेच शोधतात, बॅकअपचं नंतर बघू म्हणतात. पण बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक होताना फोन पूर्ण फॉरमॅट होतो, नंतर बघायला काही उरतच नाही. म्हणून आधी बॅकअप, तोही नीट.

उदाहरणाला पिक्सेल ६ए घेतोय, कारण गूगल स्वतः अनलॉक करू देतं आणि मूळ फर्मवेअर (कंपनीचं सिस्टम सॉफ्टवेअर) त्यांच्या डेव्हलपर साइटवर उघड मिळतं, काही बिघडलं तर परत येता येतं. शाओमीत अकाउंट जोडून वाट बघावी लागते, सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडाला की कायमचा उडाला. आणि घरातला सगळा यूपीआयचा व्यवहार ज्या फोनवर चालतो तो फोन यासाठी घेऊच नका, अनलॉक केल्यावर प्ले इंटिग्रिटीची (फोनच्या सिस्टममध्ये छेडछाड झालीय का हे बघणारी गूगलची) तपासणी अडते आणि बँकेची ॲप्स कधीही बंद पडू शकतात. जुना, जास्तीचा फोन घ्या.

आता बॅकअप. फोन केबलने लॅपटॉपला लावून फाइल ट्रान्सफर निवडा आणि डीसीआयएम, पिक्चर्स, डाउनलोड हे फोल्डर सरळ कॉपी करा, मग लॅपटॉपवर दोन-चार फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघा, कारण कॉपी मध्येच तुटलेली असली तरी फाइलचं नाव दिसत राहतं. व्हॉट्सॲपसाठी आधी सेटिंगमधून चॅट बॅकअप घ्या आणि वर अँड्रॉइड > मीडिया मधला व्हॉट्सॲपचा अख्खा फोल्डरही उचलून ठेवा. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की कागदावर लिहून ठेवा, ती नसेल तर बॅकअप असून उपयोग शून्य. फोनमध्येच सेव्ह केलेले कॉन्टॅक्ट एक्स्पोर्ट करा, ऑथेंटिकेटरमधली (लॉगिनचे कोड देणारं ॲप) खाती दुसऱ्या फोनवर घ्या.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. फॉरमॅट झाल्यावर गूगल लॉगिन मागणार, आणि टू-स्टेपचा प्रॉम्प्ट (पासवर्डनंतर 'तुम्हीच का?' विचारणारा संदेश) जर याच फोनवर येत असेल तर तुम्ही दाराबाहेर आणि किल्ली घरात. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत बॅकअप कोड मिळतात, ८ अंकी १० कोड, ते आधी प्रिंट करून घ्या. एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरंच सांगतोय.

अनलॉक त्यामानाने सोपं आहे. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स येतात, तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा. ओईएमचं बटण राखाडी दिसत असेल तर आधी नेट चालू करून बघा. लॅपटॉपवर गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा (लॅपटॉपवरून फोनला आदेश देणारी एडीबी आणि फास्टबूट ही साधनं त्यात असतात), त्याच फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडा (कमांड टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत). 'एडीबी डिव्हायसेस' दिल्यावर फोनवर परवानगी विचारेल ती द्या, मग 'एडीबी रीबूट बूटलोडर'. आता 'फास्टबूट डिव्हायसेस' ला काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, विंडोजमध्ये बहुतेक वेळा ड्रायव्हरच नसतो, गूगल यूएसबी ड्रायव्हर टाकला की दिसतो. मग 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक', फोनवर व्हॉल्यूम बटणाने अनलॉक निवडून पॉवर दाबा. इथून पुढे फोन चालू करताना दरवेळी इशारा दिसणार, तो बिघाड नाही.

आता रूट. बिल्ड नंबर अक्षर न अक्षर टिपून घ्या आणि गूगलच्या साइटवरून त्याच बिल्डची फॅक्टरी इमेज (मूळ फर्मवेअरची झिप) उतरवा, ६ए चं सांकेतिक नाव ब्लूजे आहे. झिपच्या आत अजून एक झिप असते, तिच्यातली बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल, हीच आपण बदलणार) फोनवर टाका. पिक्सेल ७ पासून पुढे बूटऐवजी इनिट बूट लागते, इथे भरपूर लोक अडकतात. मॅजिस्क हे रूट देणारं ॲप फक्त गिटहबवरून, टॉपजॉनवू या खात्यावरूनच घ्या, त्या नावाच्या बाकी साइट खोट्या आहेत. ॲपमध्ये इन्स्टॉल करताना फाइल पॅच करायचा पर्याय निवडा, पॅच झालेली फाइल डाउनलोडमध्ये येते, ती लॅपटॉपवर ओढून घ्या. परत बूटलोडरमध्ये जाऊन 'फास्टबूट फ्लॅश बूट' आणि पुढे त्या फाइलचं नाव. फोन लोगोवरच फिरत राहिला तर बहुतेक बिल्ड चुकलाय, मूळ बूट इमेज तशीच फ्लॅश करा, म्हणून ती कधीच डिलीट करायची नाही.

रूट मिळालं की लगेच दुसरा बॅकअप घ्या, हा रूटशिवाय घेताच येत नाही. ईएफएस आणि पर्सिस्ट या पार्टिशनमध्ये (फोनच्या स्टोरेजचे वेगळे भाग) त्याच फोनची नेटवर्कची आणि सेन्सरची माहिती असते, दुसऱ्या फोनची टाकून चालत नाही. एडीबी शेलमध्ये 'एसयू' देऊन (म्हणजे रूटचा अधिकार घेऊन) 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने त्यांच्या इमेज काढा आणि लॅपटॉपवर ठेवा. ॲप्सच्या डेटासकट बॅकअपला निओ बॅकअप चांगलं आहे, ओपन सोर्स आहे.

अपडेट आलं तर थेट रीस्टार्ट करू नका. आधी मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉल > रीस्टोर इमेजेस, मग अपडेट पूर्ण बसू द्या, मग मॅजिस्कमधून इनॲक्टिव्ह स्लॉटला (सिस्टमची दुसरी प्रत, नवं अपडेट तिथेच बसतं) इन्स्टॉल आणि तिथूनच रीबूट. आणि कधी बूटलोडर परत लॉक करायचा झालाच तर पॅच केलेली इमेज असताना अजिबात करू नका, फोन उघडणारच नाही. आधी पूर्ण मूळ फर्मवेअर फ्लॅश करा, फोन नीट चालू होतोय बघा, मगच 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक'. त्यातही डेटा पुन्हा उडतो, तेव्हा वरचा बॅकअप त्याआधीही परत घ्यायचा.