डॉग पार्क करायचाय? मग जागा आधी जुलैत बघा

गोव्यात आमच्या पर्वरीत बिल्डिंगा वाढल्या तशी कुत्रीही वाढली, आणि फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरला मोकळं सोडायला जागा कुठेय, तर नाहीच, मग सगळे रस्त्याच्या कडेने पट्टा धरून धुळीतून चालतात. आमच्या कॉलनीने एकदा स्वतःचा डॉग पार्क, म्हणजे कुत्र्यांना पट्ट्याशिवाय सोडायची कुंपणाची जागा, करून बघू म्हणून प्रयत्न केला, आणि जे चुकलं ते इथे लिहितोय, तुमच्या वाड्यावर कोणी असं काही ठरवत असेल तर उपयोगी पडेल.

पहिली चूक जागेची. आम्ही जागा बघितली फेब्रुवारीत. सपाट, कोरडी, कडेला दोन आंबे, सगळे खूश. जूनच्या शेवटी गेलो तर घोट्यापर्यंत पाणी, आणि एका काकांचा पांढरा स्पिट्झ तांबड्या चिखलातून असा बाहेर आला की काकांनी त्याला हाकच मारली नाही, वाटलं दुसऱ्याचाच कुत्रा आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणून जागा जुलैतच बघायची, छत्री घेऊन, मोठी सर पडून गेल्यावर तासाभराने. पाणी तेव्हाही साचलेलं असेल तर उतार द्या, दर १०० मीटरला निदान २ मीटर, आणि खालच्या बाजूला चर खणा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलं की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका, तो कुत्र्यांनाही होतो आणि माणसांनाही.

जमीन कोणाची ते आधी बघा, हो, आंब्याखाली बसून प्लॅन काढण्याआधी. फॉर्म १ व १४चा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, काढायचा. कॉलनी पाडताना सोडलेली ओपन स्पेस असेल तर बरं, कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची असेल तर त्यांची परवानगी लागणार, आणि शेत किंवा खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) असेल तर नादच सोडा. मग विषय ग्रामसभेत मांडा, पण नुसतं ‘डॉग पार्क हवा’ म्हणून उभं राहू नका, लोक हसतात. आधी घरोघरी जाऊन मोजा की कुत्री किती, मोठी किती, फिरवायला कोण नेतो आणि किती वाजता. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनाही विचारा, कारण भुंकण्याची तक्रार तेच करणार आहेत आणि तिचं उत्तर आधीच तयार असलेलं बरं.

आकाराचं म्हणाल तर हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला केलेला डॉग पार्क सव्वा एकराच्या वर आहे, एवढी जागा आपल्याकडे कुठून मिळणार, पण माझ्या मते ८००-१००० चौरस मीटरमध्येही एका कॉलनीचं भागतं. फक्त त्यात दोन भाग करा, १०-१२ किलोपर्यंतच्या छोट्यांना वेगळा. खेळताखेळता मोठ्याने धडक दिली तर पॉमेरेनियनचं हाडच मोडतं, भांडण व्हायलाच हवं असं नाही.

आता गेट. पैसे कमी पडले तर झोपाळे-बोगदे रद्द करा, पण गेटवर कंजुषी नको. आम्ही एकच गेट लावलं होतं, एक बाई आत येत होत्या तेवढ्यात एक बीगल त्यांच्या पायांमधून सुटला तो थेट रस्त्यावर, स्कूटरवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. गेट दोन लागतात, मधे दोनेक मीटरची बंद जागा, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पट्टा त्या मधल्या जागेतच काढायचा. शिवाय गवत कापणाऱ्या माणसाची पिकअप जाईल असं एक रुंद गेट वेगळं, त्याला कुलूप. कुंपण पाच-सहा फूट, चेनलिंकची जाळी चालेल पण गॅल्वनाइज्ड घ्या, आपल्या खाऱ्या हवेत साधी तार टिकत नाही. जाळीखाली चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) एक थर जमिनीत पुरा, नाहीतर कुत्री उकरून बाहेर जातात, डॅशहंड तर जन्मालाच त्यासाठी आलाय.

सावली हवीच, पण माडाखाली बाक टाकू नका, नारळ कोणाला विचारून पडत नाही. कण्हेर आणि सायकस शोभेला लावतात, दोन्ही कुत्र्यांना विषारी, असतील तर काढा. जमिनीवर हरळी लावा, तुडवलेली सहन करते, आणि गेटजवळ जिथे काहीच उगवत नाही तिथे बारीक खडी. पेव्हर नको, एप्रिल-मेमध्ये पंजे भाजतात.

शीचं काय, हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. चिऱ्याचा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी लवकर खाली जातं आणि आजूबाजूला विहिरी असतात, म्हणून शी कुजायला सोडायची नाही, खतातही टाकायची नाही, ओल्या मातीत हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या टिकतात आणि अनवाणी पायातून माणसात शिरतात. झाकणाचा डबा, कागद, आणि डबा रोज रिकामा कोण करणार त्याचं नाव बोर्डावर लिहा. नाव नसलेलं काम होत नाही, हा सगळ्या कमिट्यांचा अनुभव आहे.

प्रवेशासाठी लसीचं कार्ड दाखवायचं. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, देशात पहिलं, पण म्हणून इंजेक्शन चुकवायचं नाही. लस पूर्ण न झालेली पिल्लं नकोत, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो. माजावर आलेली कुत्री पण नको, तेवढे दिवस तिला घरीच ठेवा.

आणि रस्त्यावरची? त्या जागेवर ती आधीपासून राहत असतील तर त्यांना हाकलून देता येत नाही, केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून परत त्याच जागी सोडावं लागतं. त्यांचं खाणं घालायची जागा गेटपासून लांब ठरवा, जेवण घालणाऱ्या बायकांना पहिल्या मीटिंगलाच बोलवा. आम्ही बोलावलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी गेटच्या पुढ्यात भाताचं पातेलं आणि सात कुत्री.