जुनी सोन्याची खाण चालवायला घेताना

नागपूरच्या व्हीएनआयटीतून मायनिंग शिकून बाहेर पडलेली पोरं अधूनमधून विचारतात, "सर, सोन्याच्या खाणीत लागलो तर सुरुवात कशापासून करू?" त्यांना रीफ (सोनं असलेला खडकाचा पट्टा), ग्रेड (टनामागे किती सोनं), सायनाइड असं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगतो, पहिल्या दिवशी सर्व्हे ऑफिसातल्या जुन्या नकाशांच्या कपाटाची किल्ली मागा. जुन्या खाणीत सोनं कुठे आहे हे भूगर्भवाला सांगेल. पण आपल्या आधीच्या लोकांनी भोकं कुठे पाडून ठेवली आहेत, हे मॅनेजरलाच शोधून काढावं लागतं.

मी भंडाऱ्याकडच्या मँगनीजमध्ये शिकलो आणि पुढची नोकरी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या पट्ट्यात काढली, म्हणून उदाहरण हट्टीचंच घेतो. लिंगसुगूर तालुक्यातली ही खाण आजही चालू आहे. इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसं सोनं काढत होती. खडकाला आग लावून तापवायचा, तडकला की फोडायचा आणि गारेच्या (क्वार्ट्झच्या) पट्ट्यामागे खाली उतरत जायचं. असं करत ते जवळजवळ १९० मीटर खोल पोचले होते. पंप नाही, पंखा नाही, दोर कशाचा असेल देव जाणे. मला या लोकांबद्दल इंग्रजांपेक्षा जास्त आदर आहे. जवळच मस्कीला अशोकाचा नावानिशी शिलालेख आहे. तोही १९१५ मध्ये बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनिअरलाच सापडला. पुढे निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन टेलर कंपनीने ही खाण चालवली आणि बंदही केली. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी निघाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच निजामी मुलखातलं रायचूर म्हैसूरकडे गेलं. म्हणजे एकाच डोंगरात तीन जमान्यांची भोकं आहेत आणि प्रत्येक जमान्याची मापं निराळी.

तेव्हा नकाशे. जुने नकाशे फुटांत असतात आणि लेव्हलांची (खाणीतल्या खोलीवरच्या मजल्यांची) नावंही फुटांवरून पडलेली असतात. आताचं काम मीटरमध्ये. कुणीतरी मध्येच घाईत रूपांतर करून पेन्सिलने आकडा लिहून ठेवलेला असतो, त्यावर अजिबात विसंबू नका. कोणत्या बिंदूपासून खोली मोजली आहे ते बघा, कारण शाफ्टचा (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचा) कॉलर, म्हणजे वरचा काठ, नंतर उंच बांधला असेल तर सगळ्या लेव्हली तेवढ्याने चुकतात. दुसरं म्हणजे, बरेच जुने नकाशे चुंबकीय, म्हणजे होकायंत्राच्या, उत्तरेवर काढलेले असतात. ती उत्तर दरवर्षी थोडी सरकते. शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या ग्रिडवर तसाच ठेवलात तर लांबच्या टोकाला ड्राइव्ह (आडवा बोगदा) भलतीकडेच दिसेल. ट्रेसिंगचं कापडही दमट हवेत ताणतं, आखडतं. म्हणून नकाशावर छापलेली स्केलपट्टी मोजून कापड किती बदललंय ते आधी काढायचं आणि मगच स्कॅन करायचं. आणि इतकं करूनही दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी नकाशा ठेवलेला नाहीच. त्यांची कामं जमिनीवरच्या खड्ड्यांच्या रांगा, जुने ढीग आणि कोअर ड्रिलिंगमध्ये (खडकाचा नमुना काढायच्या भोकात) अचानक लागलेली पोकळी यांवरूनच कळतात. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये मी दोन रंग ठेवायचो. स्वतः आत जाऊन मोजलेली पोकळी एका रंगात, नुसती कागदावरची दुसऱ्या रंगात. कागदावरच्या रंगाजवळ कुणीही भोक मारायचं नाही, मग टार्गेट कितीही चढलेलं असो.

हे सगळं पाण्यासाठी. जुन्या बंद कामांत पाणी साठलेलं असतंच. आपल्या डोक्यावर शंभर मीटर उंचीचा पाण्याचा खांब असेल तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब. मधला खडक पातळ झाला की पाणी येताना सांगून येत नाही. धातुखाणींचे १९६१ चे नियम जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. परवानगी मिळाली तरी तोंडाच्या (खोदकाम चालू असलेल्या भिंतीच्या) पुढे नेहमी चाचणीची भोकं ठेवून चालायचं, एक मधोमध आणि बाजूला, वर, खाली आणखी. नवीन लोक एक गोष्ट विसरतात. भोक मारण्याआधी त्याच्या तोंडाशी पाइप सिमेंटने पक्का बसवून त्याला व्हॉल्व्ह लावायचा. भोक पाण्यात घुसल्यावर व्हॉल्व्ह शोधायला पळणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह आधीच असला तर पाणी हळूहळू, पंपाला झेपेल तेवढंच सोडता येतं आणि गेजवर दाब उतरताना दिसतो. दाब उतरायचा थांबला पण शून्यावर आला नाही, तर भोक गाळाने तुंबलंय असं समजा. पोकळी रिकामी झाली असं समजू नका.

खुणाही असतात. कोरड्या खडकावर घाम यायला लागतो. ड्रिलच्या भोकातून आपण सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी परत येतं. पाण्याला गंजाचा रंग आणि वास असला तर ते जुन्या कामाचं, कारण हट्टीच्या रीफमध्ये पायराइट आणि आर्सेनोपायराइट ही गंधक असलेली खनिजं आहेत आणि वर्षानुवर्षं साचलेलं पाणी त्यामुळे आंबट होतं. हे आंबट पाणी पंपाच्या इम्पेलरला (आतल्या फिरत्या चक्राला) खातं. जवळ लिटमस कागद ठेवायला फारसा खर्च येत नाही.

रायचूरकडे पाऊस कमी, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण जुने खड्डे जमिनीवर उघडे असतात आणि एका रात्रीच्या पावसाचं पाणी थेट आत उतरतं. जूनच्या आधी स्वतः चालत जाऊन प्रत्येक खड्ड्याभोवतीची चर बघा. कंत्राटदाराच्या बिलावर सही करण्याआधी बघा, नंतर नव्हे.

पंपाचं एवढंच सांगतो की ८०० मीटर खोलीवरून एका दमात पाणी वर फेकायला ८० किलोच्या वरचा दाब लागतो, म्हणून टप्प्याटप्प्यानेच आणावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर गाळ बसायला हौद हवा, पंपाला निवळच पाणी मिळालं पाहिजे. हौद साफ करण्याचं काम कुणालाच आवडत नाही, त्यामुळे त्याला ठरलेला वार द्या आणि तो वार मोडू देऊ नका. पंप थांबले तर काय होतं हे बघायला कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जा. चॅम्पियन रीफची खाण ३ किलोमीटरहून खोल गेली होती. कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून १९०२ मध्ये तिथे वीज आली, तेव्हा कितीतरी मोठ्या शहरांत दिवे नव्हते. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली आणि खालच्या लेव्हली पाण्यात गेल्या. म्हणून जनरेटर आधी माणसं वर काढणाऱ्या वाइंडरला, मग पंपाला आणि मग पंख्याला. मिल (खडक दळून सोनं काढायचा कारखाना) शेवटी. मिलवाले भांडतील, भांडू द्या.

हवेचाही शत्रू तेच जुने खड्डे. पंखा मोठा घेतला, बिल भरलं आणि तोंडावर हवा नाही, असं दिसलं की समजा ती मध्येच एखाद्या जुन्या स्टोपमधून (सोन्याचा खडक काढलेल्या पोकळीतून) पळतेय. पंखा बदलण्याआधी अगरबत्ती किंवा स्मोक ट्यूब घेऊन एक पाळीभर फिरा आणि गळती बंद करा. जुन्या स्टोपमध्ये लाकूड कुजत असतं, ते ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड खालच्या कोपऱ्यात साचून राहतो. नियमाप्रमाणे ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्याच्या वर चालत नाही. कुंपण घातलेल्या कामात मीटरशिवाय कुणी डोकं घातलं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा, मग तो किती का जुना असेना. उष्णतेसाठी ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा बघायचा: ३०.५ अंशांच्या वर गेला तर हवा सेकंदाला किमान एक मीटर वाहिली पाहिजे, ३३.५ च्या वर काम नाही. कोलारच्या तळाशी खडकच ६० अंशांच्या वर तापलेला असायचा. तिथल्या लोकांनी त्यात कसं काम केलं हे ऐकलं की आपली तक्रार तोंडातच राहते.

शाफ्टवर वेळ घालवा. मॅनेजरने आठवड्यातून एकदा तरी रोप (तारांचा दोर) इन्स्पेक्शनला स्वतः उभं राहावं. केज (माणसं ने-आण करणारा पिंजरा) हळू चालवायची, हातात कॉटन वेस्ट घेऊन रोप त्यातून जाऊ द्यायचा. तुटलेली तार असली की कापूस अडकतो. माणसांच्या वाइंडिंगला रोपची ताकद भाराच्या दहा पट लागते आणि सहा महिन्यांच्या आत टोक कापून नवीन कॅपिंग (रोपच्या टोकाची केजला जोडणारी पकड) करावं लागतं. कापलेला तुकडा फेकू नका, उलगडून आतल्या तारा बघा, कारण गंज आतून सुरू होतो आणि वरून ग्रीस चकचकीत दिसतं. जुन्या शाफ्टमध्ये गाइड (केज ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) आणि बंटनही (त्यांना धरणाऱ्या आडव्या तुळया) जुने असतात. केज कुठे हलते, कुठे आवाज करते हे वाइंडरवाल्यापेक्षा ऑनसेटरला (केजपाशी उभं राहून घंटा देणाऱ्याला) चांगलं माहीत असतं. त्याच्याजवळ बसून चहा प्या आणि विचारा. काही तास केज बंद राहिली तर माणसं घेण्याआधी एक रिकामी फेरी. केज चालू असताना एक घंटा म्हणजे थांब, आणि ती कुणीही दिली तरी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

ब्लास्टिंग पाळीच्या शेवटी, माणसं मोजून. बिल्ल्यांचा फळा आणि केज वहीचा आकडा जुळल्याशिवाय एक्स्प्लोडरची (सुरुंग उडवायच्या यंत्राची) किल्ली ब्लास्टरच्या हातात जाऊ नये. उडालं नाही तर विजेच्या ब्लास्टिंगला पाच मिनिटं, वातीच्या ब्लास्टिंगला तीस मिनिटं कुणी आत नाही. मग त्या भोकाला समांतर आणि किमान ३० सेंटिमीटर अंतरावर नवीन भोक. जुन्या ब्लास्टिंगच्या भोकाच्या उरलेल्या बुडात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. ड्रिलरला ते सोपं वाटतं कारण बिट आपोआप बसतो. नेमकं म्हणूनच तिथे लाकडी खुंटी ठोकून ठेवा.

आता सोनं. टनामागे काही ग्रॅम, डोळ्यांना दिसत नाही. नफा-तोटा ठरतो तो जास्तीचा खडक किती फोडला यावर. समजा रीफ १.२ मीटर रुंद आहे आणि ग्रेड टनाला ६ ग्रॅम. ड्रिलरने आपल्या सोयीसाठी स्टोप २ मीटर रुंद केला, तर मिलला ३.६ ग्रॅमचा माल गेला. सोनं तेवढंच, पण दळायचा दगड दीडपटीहून जास्त आणि वीजही तितकीच वाढली. म्हणून बोनस नुसत्या टनावर देऊ नका. टनावर बोनस दिला की माणसं दगड आणून देतात, त्यात त्यांचा काय दोष? स्टोपच्या रुंदीची मापं दर आठवड्याला घ्या आणि बोनस त्यावर बांधा. आणि भिंतीत कुठे पिवळा ठिपका दिसला म्हणून साहेब लोकांना बोलावून फोटो काढू नका. एक ठिपका म्हणजे ग्रेड नव्हे. रुंदीभर चर मारून घेतलेला नमुना म्हणजे ग्रेड.

रिकाम्या स्टोपमध्ये मिलची वाळू भरत राहा. जितकं खोल जाल तितकं हे महत्त्वाचं. कोलारमध्ये रॉकबर्स्ट (दाबाने खडक अचानक फुटणं) झाला की जमिनीवरच्या घरांना हादरे बसायचे. तिथे आधी ग्रॅनाइटच्या भिंती बांधत होते, नंतर काँक्रीट भरू लागले. भरलेल्या वाळूचं पाणी निचरायला वाट ठेवा, नाहीतर खालच्या लेव्हलवर चिखलाची भिंत फुटेल.

धूळ. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. पाण्याशिवाय ड्रिल चालवताना कुणी दिसला तर मशीन बंद करा, कारण पाण्याची नळी तुटली हे कारण मी शेकडो वेळा ऐकलंय आणि दरवेळी दुसरी नळी स्टोअरमध्ये पडून होती. पाच वर्षांतून एकदा तपासणी हा कायद्याचा किमान आकडा आहे. ड्रिलरचा एक्स-रे त्याआधीच काढून घ्या आणि जुन्या एक्स-रेशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. एकटा फोटो पुष्कळदा काही सांगत नाही. कन्नड शिका, थोडं तेलुगूही कळू द्या. खोकला आला तर माणूस तो इंग्रजीत सांगत नाही.

मिलचं काम मिलवाला बघेल. तुम्ही फक्त एक आकडा रोज विचारा, सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडच्या टाकीचा पीएच. चुना घालून तो १० च्या वर राहिला पाहिजे, खाली आला तर विषारी वायू सुटतो. बार ओतायच्या दिवशी सगळ्यांना भट्टीपाशी उभं राहायचं असतं. गर्दी होऊ देऊ नका. असेअर (सोन्याचा कस तपासणारा), सुरक्षा अधिकारी आणि हिशेबाचा माणूस एवढे पुरेत. वजन दोन वेगळ्या काट्यांवर घ्यायचं, दोन्ही आकडे वहीत शाईने लिहायचे आणि तिघांच्याही सह्या झाल्याशिवाय बार टेबलावरून हलवायचा नाही.