ड्रमस्टिक घेताना या चुका टाळा

ड्रमसेट घ्यायचा असला की लोक महिनाभर चौकशी करतात. शेल (ड्रमचं खोड) कुठल्या लाकडाचं, सिंबल (झांजा) कोणते, पेडल एकेरी की दुहेरी. स्टिक मात्र बिल होता होता, "आणि एक जोडी टाका बरोबर" म्हणून घेतात. खरं तर वाजवताना हाताला ड्रम लागतच नाही, लागते ती स्टिक. मनगट दुखतंय, रोल (दोन्ही हातांचे सलग भरभर फटके) एकसारखा येत नाही, राईड (ताल धरायचा मोठा सिंबल) कधी खणखणीत तर कधी मंद वाजतो, अशा तक्रारी घेऊन कुणी आलं की मी आधी त्याची स्टिक बघतो, मग हात.

नुसता आकडा सांगून घेणं

"सर, कितीची घेऊ?" हा प्रश्न ठरलेला. ५ए हे उत्तरही ठरलेलं, आणि नवशिक्यासाठी ते बरोबरच आहे. पण तेवढ्यानं काम भागत नाही. जुन्या अमेरिकन पद्धतीत ए म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, बी म्हणजे बँडसाठी आणि एस म्हणजे रस्त्यावरच्या मिरवणुकीसाठी. आकडा मोठा तशी स्टिक साधारणपणे बारीक, म्हणून ७ए बारीक आणि २बी जाड. नेमकी किती, ते मात्र प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. विक फर्थची ५ए ०.५६५ इंच जाड असते, प्रोमार्कची क्लासिक ५ए ०.५५१ आणि व्हेटरची लॉस एंजेलिस ५ए ०.५७०. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो, पण रोज वाजवणाऱ्याच्या बोटांना तो लगेच कळतो.

शिवाय जाडीवरून तोल कळत नाही. तो बराचसा टेपरवर, म्हणजे स्टिक टोकाकडे निमुळती होत जाते त्या भागावर असतो. टेपर लांब असेल तर पुढचं वजन कमी होतं आणि स्टिक चटकन उसळते. टेपर आखूड असेल तर वजन पुढे जातं, फटका भरीव बसतो, पण जलद वाजवताना स्टिक मागे आणायला बोटांना जास्त काम पडतं. एकाच जाडीच्या दोन स्टिक हातात अगदी परक्या वाटू शकतात त्या यामुळे.

दुकानात मुलं स्टिक पार शेवटाला धरून हवेत फिरवतात. हवेत सगळ्याच स्टिक छान वाटतात! मी पिशवीत छोटं प्रॅक्टिस पॅड घेऊनच दुकानात जातो. रोज जिथे पकडतो तिथेच स्टिक पकडायची, एक फटका मारून बोटं सैल सोडायची आणि ती स्वतःहून किती उसळते ते बघायचं. मग पकड अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे करून पुन्हा तेच. पॅड नसेल तर दुकानातल्या एखाद्या स्नेअरवर, म्हणजे खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमवर, वाजवू द्या म्हणावं. पाकीट उघडू न देणाऱ्या दुकानातून मी स्टिक घेत नाही आणि विद्यार्थ्यांनाही घेऊ देत नाही.

जोडी न तपासणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिचं खापर नेहमी भलत्याच गोष्टीवर फुटतं.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, ऑर्केस्ट्रात वाजवणारा, मेहनती. त्याचा राईड एक दिवस स्वच्छ "टिंग" वाजायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच फटक्याला बोदा. सिंबलला बारीक तडा गेला असणार असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं तो पडेल भावात विकला. नवा आणला, तरी तेच. त्यातच स्नेअरवरचा त्याचा रोल लंगडा यायचा. डावा हात कच्चा आहे असं ठरवून पठ्ठ्या कित्येक महिने एकट्या डाव्या हाताचा रियाज करत होता. शेवटी स्टिक मागून घेतल्या आणि टेबलावर ठोकून बघितल्या. एकीचा सूर उंच, दुसरीचा चांगलाच खाली. वजनातला फरक तर तराजूशिवाय कळत होता. दुकानदारानं सुट्या स्टिकच्या डब्यातून दोन उचलून दिल्या होत्या, आणि दोन्हींवर ५ए छापलेलं असल्यामुळे यानंही दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. ज्या दिवशी हलकी स्टिक उजव्या हातात यायची त्या दिवशी राईड एक बोलायचा, जड आली की दुसरं. दोन वेगळ्या जोडांतली एकेक चप्पल घालून तो वर्षभर चालत होता आणि पायाला दोष देत होता. जुळलेली जोडी हातात दिल्यावर त्याचा रोल त्याच बैठकीत पुष्कळ सरळ झाला. विकलेला सिंबल मात्र गेला तो गेलाच.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. काउंटरच्या काचेवर दोन्ही स्टिक हलक्या हातानं लोळवायच्या. टोक थरथरलं किंवा मधे फट दिसली तर ती वाकलेली आहे, परत ठेवा. मग एकेक स्टिक दोन बोटांत सैल धरून लाकडी फळीवर ठोकायची आणि सूर ऐकायचा. दोन्हींचा सूर जुळला पाहिजे. लाकडाच्या रेषा बुडापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मधेच तिरक्या बाहेर पडल्या असतील तर स्टिक बहुधा तिथेच तुटते. चांगल्या कंपन्या वजन आणि सूर जुळवूनच जोडी बांधतात. विक फर्थ स्वतः बोस्टन सिंफनीचे टिंपनीवादक होते, १९६३ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि सूर जुळवलेली जोडी हीच तिची ओळख झाली. तरीही मी बंद पाकिटातली जोडी लोळवून बघतोच.

एक स्टिक तुटली की उरलेलीला नवी जोडू नका. वाजवून झिजलेली स्टिक हलकी होते, आणि तोच लंगडा रोल परत येतो.

आवाज हवा म्हणून जाड स्टिक घेणं

ढोल-ताशा पथकातून ड्रमकडे आलेली मुलं हटकून ही चूक करतात. हातात जोर असतो, मोठ्या आवाजाची सवय असते, मग थेट २बी. अरे, तुमच्याच पथकातला ताशा आठवा. त्याची काडी केवढी बारीक, आणि तरी तो सगळ्या ढोलांवरून ऐकू येतो की नाही? आवाज हाताच्या वेगातून येतो, फटका किती उंचीवरून पडतो त्यातून येतो आणि पान, म्हणजे ड्रमवरचा पडदा, कसं ताणलंय त्यातून येतो. तंत्र नसताना जाड स्टिक धरली की ती सांभाळायला मूठ आवळली जाते, उसळी मरते आणि धक्का थेट मनगटात जातो. पहिल्या वर्षात ज्यांची मनगटं दुखतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची स्टिक मी आधी बदलायला लावतो.

लाकूडही बघा. हिकरी धक्का चांगला पचवतं, म्हणून सुरुवातीला तेच. मेपल हलकं असतं. बोटं लांब असल्यामुळे जाड पकड हवी, पण वजन नको, असं असेल तर मेपल. ओक जड आणि टिकाऊ, पण बरेचदा काही चाहूल न देता एकदम तुटतं, म्हणून कार्यक्रमात जवळ आणखी जोडी हवीच.

आणखी काही

नायलॉनचं टोक टिकतं म्हणून आंधळेपणानं घेऊ नका. राईडवर त्याचा आवाज चमकदार आणि टोकदार येतो, लाकडाचा ऊबदार आणि थोडा काळसर. आधी आपल्या सिंबलवर दोन्ही ऐका. जाळीच्या पानांचा इलेक्ट्रॉनिक सेट असेल तर मात्र नायलॉनच बरं, कारण लाकडी टोकाचा टवका उडाला की ते जाळी फाडतं. ऑक्टोपॅडवर टोकाच्या नादाचा काही संबंध नाही, तिथे हलकी आणि नीट उसळणारी स्टिक बघा.

आवडत्या ड्रमरची सही असलेली स्टिक त्याच्या हातासाठी घडवलेली असते. आधी साधी ५ए वर्षभर वाजवा. व्हिडिओ बघून दर महिन्याला स्टिक बदलणाऱ्याच्या हाताला कुठलीच सवय लागत नाही.

धातूच्या जड स्टिकनं रियाज केला की वेग वाढतो, हा आडमार्ग सोडा. वेग उसळीतून येतो आणि त्या स्टिक उसळीच बिघडवतात.

घामानं स्टिक निसटते म्हणून लगेच टेप गुंडाळू नका, टेपनं बुडाकडचं वजन वाढतं आणि तोल सरकतो. आधी पकड सैल करा. मग बारीक पॉलिश पेपरनं पकडण्याच्या जागेचं वॉर्निश उतरवा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत एवढ्यानं बहुतेकांचं काम होतं.

हाय-हॅटच्या (पायानं मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीच्या) कडेनं स्टिकचा खांदा, म्हणजे ती निमुळती व्हायला लागते तो भाग, कुरतडला जाणं नैसर्गिक आहे. पण आठवड्यात स्टिक निम्मी होत असेल तर लाकडाला नावं ठेवू नका, फटक्याचा कोन तपासा.

छोट्या हॉलमध्ये आवाज कमी हवा असला तर ७ए घेऊन जीव मुठीत धरून वाजवण्यापेक्षा रॉड्स घ्या, म्हणजे बारीक काड्यांच्या जुड्या. हात मोकळा राहतो.

आणि स्टिक गाडीच्या डिकीत उन्हात किंवा पावसाळ्यात ओल्या बॅगेत ठेवू नका. वाकतात. मी बॅगेतून काढून कपाटात आडव्या ठेवतो आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळ्या जोड्या पुन्हा एकदा काचेवर लोळवतो.