संसर्गजन्य आजारांवर संशोधन करायचंय? बेळगाव-खानापूरच्या नवख्यांसाठी

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी किंवा एमबीबीएस करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे जर्नलमधल्या पेपरचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्याचा असतो. तो सगळ्यात शेवटी विचारावा. आकडे मागाहून येतात, आणि ते येणार की नाही हे बरंचसं नमुने गोळा करतानाच ठरतं.

सुरुवातीसाठी लांब जायची गरज नाही. बेळगावच्या नेहरूनगरातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था २००६ पासून आहे, जेएनएमसी आणि बिम्स ही मेडिकल कॉलेजं शहरातच आहेत. विषाणूंचंच काम करायचं तर पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). एमबीबीएसवाल्यांनी आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन योजना, एसटीएस, सोडू नये. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. प्रोजेक्टवरची नोकरी मात्र कंत्राटी. प्रोजेक्ट संपला की तीही संपते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

विषय निवडताना आपला भाग बघा. गोचीड चावून होणारा क्यासनूर जंगल ताप हा विषाणूचा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडला. पुढे तो गोव्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांमध्येही आढळला. तिकडे हंगामी कामाला जाणारी माणसं आपल्याकडचीच. गोचीड गोव्यात चावते आणि ताप खानापुरात येतो. म्हणून फॉर्मवर नुसता गावाचा पत्ता घेऊन भागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कुठल्या जंगलात, कुठल्या बागेत, काय काम केलं, हे विचारायलाच हवं. दुसरी तितकीच महत्त्वाची नोंद म्हणजे ताप सुरू झाल्याची तारीख. दवाखान्यात भरती झाल्याची नव्हे! सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआरमध्ये विषाणू सापडतो, पुढे रक्तात आयजीएम अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं प्रथिन) बघावी लागते. तारीख चुकली की निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थच लागत नाही, आणि जर्नलसाठी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नमुन्याच्या आधी हवी. काम झाल्यावर ती मिळत नाही, आणि तिच्याशिवाय चांगलं जर्नल पेपर हातात धरत नाही. संमतिपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत ठेवा. मराठी मसुदा दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून बघा. ‘तुमचं रक्त साठवून पुढे वापरू’ यासारखं वाक्य भाषांतरात हमखास गळतं. प्रत्येक आवृत्तीवर क्रमांक आणि तारीख टाका.

आता सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ. आपल्याकडे पाटील किती! आद्याक्षर तेच असलं की गूगल स्कॉलर दुसऱ्याचे पेपर तुमच्या खात्यात टाकतं आणि तुमचे त्याच्या. पहिला पेपर पाठवण्याआधीच ओआरसीआयडी काढा. हा संशोधकाचा स्वतःचा सोळा अंकी ओळख क्रमांक, फुकट मिळतो. नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि लग्नानंतरही शक्यतो तेच ठेवा. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेलगामचं बेळगावी झालं. त्यामुळे जुने पेपर शोधताना दोन्ही स्पेलिंग टाका, नाहीतर आधी झालेलं काम सुटून जातं.

एच-इंडेक्स ही कल्पना हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. किमान तितकी सायटेशन असलेले किमान तितके पेपर असतील असा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा सहा पेपरना ४०, १२, ९, ४, ४, १ अशी सायटेशन आहेत. किमान चार सायटेशन असलेले चार पेपर तर आहेतच (खरं तर पाच), पण किमान पाच असलेले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. चाळीसचे चारशे झाले तरी तो चारच राहतो. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नाही. आणि कोविडवरच्या पेपरची क्यासनूरवरच्या पेपरशी तुलना कशाला? ज्या आजारावर मोजकीच माणसं काम करतात, तिथे संदर्भ देणारेही मोजकेच.

तीन दिवसांत पेपर स्वीकारून लगेच पैसे मागणारं जर्नल दिसलं की लांब राहा. त्यात छापलेला चांगला डेटा फुकट जातो, कारण तोच पेपर दुसरीकडे देता येत नाही. जर्नल पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या यादीत खरंच दिसतं का, संपादक खरे आहेत का, ते स्वतः तपासा. वेबसाइटवर लिहिलेल्या इम्पॅक्ट फॅक्टरवर विसंबू नका.

लेखकांचा क्रम काम सुरू होण्याआधी ठरवून ईमेलवर नोंदवा. पहिलं आणि पत्रव्यवहाराचं नाव कुणाचं, यावरूनच पुढे सगळ्यात जास्त वाद होतात. बायोडेटात सायटेशन देताना ती स्कोपस या डेटाबेसची की गूगल स्कॉलरची, आणि कुठल्या तारखेची, हे शेजारी लिहा. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठाच दिसतो. मुलाखत घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं.