पाळीची नोंद कशी ठेवावी : लेकीच्या पहिल्या पाळीपासून आईच्या शेवटच्या पाळीपर्यंत

स्त्रीरोग विभागात नाव आणि वय लिहून झाले की परिचारिका बहुधा पहिला प्रश्न विचारते तो शेवटची पाळी कधी आली हा, आणि त्यावर ‘गणपतीच्या आधी’, ‘झाला असेल महिना-सव्वामहिना’ अशी उत्तरे मिळतात. दुधाचा आणि गॅस सिलिंडरचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर चोख ठेवणाऱ्या घरातही पाळीची तारीख मात्र आठवणीवर सोडलेली असते. खरे तर गर्भधारणा, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, गर्भाशयातील गाठी यांपैकी कशाचीही शंका आली तरी डॉक्टरांना प्रथम हीच माहिती लागते. शंभर पानी वही किंवा मोबाईलमधील ॲप, काहीही चालेल. पण आई आणि मुलगी अशा दोघींची नोंद वेगवेगळी ठेवावी.

वही केव्हा सुरू करावी

पहिली पाळी येण्याची वाट पाहू नये. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात बहुधा ८ ते १३ या वयात स्तनांच्या वाढीने होते आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. मधल्या काळात उंची झपाट्याने वाढते, काखेत व जांघेत केस येतात आणि पाळीच्या आधीचे काही महिने अंगावरून थोडे पांढरे जाते. या पांढऱ्या स्रावाला खाज किंवा दुर्गंधी नसेल तर तो आजार नसतो. मुलीशी बोलण्याची हीच योग्य वेळ असते. दप्तरात एक पॅड आणि जादा अंतर्वस्त्र ठेवून द्यावे आणि शाळेत डाग पडला तर कोणत्या बाईंना सांगायचे हेही आधीच ठरवून ठेवावे.

स्तनांची वाढ ८ वर्षांच्या आधी सुरू झाली, १३ वर्षांपर्यंत मुळीच झाली नाही, किंवा १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर तपासणी करून घ्यावी. एक लक्षण मात्र घरात हमखास नजरेआड होते. वाढ व्यवस्थित झालेल्या मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला दुखते, पण रक्तस्राव होत नाही, तेव्हा योनिमार्ग पडद्याने बंद असल्यामुळे रक्त आत साठत असण्याची शक्यता असते. छोट्या शस्त्रक्रियेने हा दोष बहुधा दूर होतो, पण ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबणे योग्य नाही.

दिवस कसे मोजावेत

रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, आणि पाळीचे चक्र त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे. पाळी ३ जूनला सुरू होऊन ८ जूनला थांबली आणि पुढची १ जुलैला आली, तर चक्र २८ दिवसांचे झाले. अनेकजणी स्राव थांबल्यापासून मोजतात आणि ते २३ दिवसांचे समजून घाबरतात. त्याचप्रमाणे २ जुलैला आणि पुन्हा ३० जुलैला पाळी आली की ‘महिन्यातून दोनदा आली’ म्हणून घरात काळजी सुरू होते, पण हेही २८ दिवसांचे निरोगी चक्रच आहे. प्रौढ स्त्रीमध्ये साधारण २१ ते ३५ दिवसांचे अंतर सामान्य मानतात. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते, कारण या काळात दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही. मात्र मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

तारखेशिवाय काय लिहावे

स्राव किती दिवस टिकला, दिवसाला किती पॅड लागले आणि ते कितपत भिजले होते, एवढे रोज एका ओळीत लिहावे. पॅडची नुसती संख्या फसवी असते, कारण कोणी डाग दिसताच पॅड बदलते, तर कोणी काटकसरीने दिवसभर एकच वापरते. पॅड कोरडे वाटले तरी दर चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळवावे. लाजेपोटी ते साडीखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात दमट ठेवले जाते, आणि जंतुसंसर्गाला तेवढे पुरते.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते. ८० मिलिलीटरपेक्षा जास्त गेल्यास तो अतिरिक्त रक्तस्राव समजतात. घरी मिलिलीटर मोजता येत नाहीत, म्हणून वहीतील खुणा महत्त्वाच्या ठरतात : तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणे, रात्री पॅड बदलायला उठावे लागणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे, स्राव आठ दिवसांपुढे लांबणे. अशी नोंद दिसली की हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने खरोखर घेतली का, हेही वहीत लिहावे.

वेदनांना शून्य ते दहा असे गुण द्यावेत. पोट शेकणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणानंतर वेदनाशामक गोळी घेणे, एवढ्याने बहुतेकींना आराम पडतो. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल, तर ‘लग्न झाल्यावर थांबेल’ हा सल्ला बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची तारीख न विसरता लिहावी, कारण त्यानंतरचे चक्र बिघडलेले दिसू शकते. सत्यनारायणासाठी किंवा गौरींसाठी या गोळ्या परस्पर दुकानातून आणल्या जातात. पाय सुजून रक्ताची गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास असणाऱ्या किंवा गरोदरपणाची शंका असणाऱ्या स्त्रीने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. माझे मत विचाराल तर, पूजेसाठी औषध घेण्यापेक्षा पाळीतच पूजेला बसावे.

चाळिशीनंतरची पाने

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते, पण त्याआधी काही वर्षे वहीत बदल दिसू लागतात. लागोपाठच्या चक्रांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की हा काळ सुरू झाला असे समजावे. आता गरम वाफा केव्हा येतात, रात्री घामाने झोप किती वेळा मोडते, योनीमार्गाची कोरडी आग, चिडचिड यांसाठी वहीत वेगळा रकाना आखावा. हे सर्व निमूट सोसण्याची गरज नसते. संप्रेरकांचे आणि संप्रेरकविरहित असे दोन्ही प्रकारचे उपचार उपलब्ध आहेत. या काळात गर्भधारणा होऊ शकते. त्यामुळे गर्भनिरोधन, शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असल्यास त्यानंतर एक वर्ष आणि त्याआधी आली असल्यास दोन वर्षे, चालू ठेवावे.

चाळिशीनंतरची पाळी अनियमितच असते, असे म्हणून जास्त स्राव अंगावर काढला जातो. आणि दुसऱ्या टोकाला, पांढरे जाते एवढ्या कारणावरून पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर महिलांच्या अशा शस्त्रक्रियांमुळे २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि पिशवी काढलेल्यांपैकी अनेकजणी तिशीतल्या होत्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास वही घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात : सोनोग्राफीत नेमके काय दिसले, आधी औषधाने उपचार होऊ शकतो का, गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त साधनाचा उपयोग होईल का, आणि बीजकोश ठेवणार की काढणार. दोन्ही बीजकोश काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि हाडांची झीजही लवकर सुरू होते.

शेवटच्या स्रावानंतर सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली. ती चाळिशीच्या आत झाल्यास कारण शोधावे लागते. वर्ष पूर्ण झाल्यावरही वही जपून ठेवावी, कारण त्यानंतर नुसता डाग पडला तरी तो पाळी परतल्याचा समजू नये. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण हेच असते; म्हणून पुन्हा डाग पडतो का याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तपासणीला जावे, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजून घ्यावी आणि डॉक्टरांनी अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवण्यास सांगितले तर नाही म्हणू नये.